मोबाइलवर उघडते, कॉम्प्युटरवर उघडत नाही: होस्ट्स फाइल तपासायची कशी

जुलैत पीक विम्याची मुदत संपत आली की आपल्याकडच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. नेमकी तेव्हाच एखादी साइट कॉम्प्युटरवर उघडत नाही, आणि रांगेतल्या एखाद्याच्या मोबाइलवर मात्र तीच साइट उघडते. "भाऊ, माह्या मोबाइलवर तं उघडून राह्यली ना!" मग नेट गेलं, सर्व्हर बसला, व्हायरस घुसला अशी तीन निदानं एका दमात होतात. कुणीतरी फॉरमॅट मारायचा सल्ला देतो आणि सीपीयू पोत्यात गुंडाळून तालुक्याला रवाना होतो.

खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा सर्व्हरच बसलेला असतो. पण उरलेल्या वेळी दोष तुमच्याच कॉम्प्युटरमधल्या एका छोट्याशा फाइलमध्ये निघतो. तिचं नाव होस्ट्स. ती नोटपॅडमध्ये उघडते, वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि एमएस-सीआयटी झालेल्या कुणालाही जमेल असं ते काम आहे. यवतमाळ-वाशीम पट्ट्यात मी केंद्रांचे आणि ग्रामपंचायतींचे कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतो. फोनवर हीच माहिती पुन्हा पुन्हा सांगावी लागते, म्हणून एकदाची लिहून काढतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ही फाइल वाचता यायला हवी, भरता येण्याची फारशी गरज नाही. आपल्या कामाच्या कॉम्प्युटरवर ती जितकी रिकामी, तितकं बरं.

१. आधी एवढं जवळ घेऊन बसा

- कॉम्प्युटरच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. तो कॉम्प्युटर विकणाऱ्याकडेच राहिला असेल तर आधी त्याला फोन करा.
- एक रिकामा पेन ड्राइव्ह, फाइलची नक्कल ठेवायला.
- वही-पेन. कोणती ओळ बदलली ते वहीत लिहायचं, डोक्यात ठेवायचं नाही.
- हॉटस्पॉट चालू होणारा मोबाइल, शक्यतो केंद्राच्या नेटपेक्षा वेगळ्या कंपनीचा.
- इन्व्हर्टर किंवा यूपीएस. फाइल बदलायला दोन मिनिटं पुरतात, पण नंतर स्कॅन लावायची वेळ आली आणि मध्येच लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वेगळं सॉफ्टवेअर काही लागत नाही. "होस्ट्स फाइल दुरुस्त करणारं फुकट टूल" म्हणून नेटवर जे मिळतं ते डाउनलोड करू नका. नोटपॅडनं होणाऱ्या कामासाठी अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार कशाला द्यायचा?

२. ही फाइल करते काय

कॉम्प्युटरला साइटचं नाव कळत नाही, त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. आपण नाव टाइप केलं की तो डीएनएस नावाच्या यंत्रणेला विचारतो, "या नावाचा पत्ता काय?" पण बाहेर विचारायच्या आधी तो स्वतःच्या होस्ट्स फाइलमध्ये डोकावतो. तिथं त्या नावापुढे पत्ता लिहिलेला सापडला तर तोच खरा मानतो आणि बाहेर कुणाला विचारतच नाही. पोस्टमनच्या खिशात कुणी चिठ्ठी सरकवली, की पाटलांचं पत्र आलं तर ते वेशीबाहेरच्या पडक्या वाड्यात टाकायचं, आणि पोस्टमननं पाकिटावरचा पत्ता न बघता चिठ्ठीवर विश्वास ठेवला, तर जे होईल तेच इथं होतं.

ही पद्धत इंटरनेटच्याही आधीची आहे. अमेरिकेतल्या अर्पानेटवर मोजकेच कॉम्प्युटर होते, तेव्हा सगळ्यांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. कॉम्प्युटर वाढले तशी ती यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यादीची गरज संपली, पण फाइल प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये राहून गेली आणि तिचा मान आजही पहिला आहे. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे ती आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्येही आहे, पण फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे कंपनीनं लावलेलं कुलूप तोडून पूर्ण अधिकार घेतल्याशिवाय, ती बदलता येत नाही. मोबाइलवर साइट उघडते आणि कॉम्प्युटरवर नाही, याचं हे एक कारण.

३. दोष खरंच तिथं आहे का, ते आधी बघा

थेट फाइल उघडून खाडाखोड करू नका. आधी या चाचण्या करा.

पहिली: मोबाइलचा डेटा हॉटस्पॉटवर चालू करा, त्याच नेटवर कॉम्प्युटर जोडा आणि तीच साइट दोन्हीकडे उघडून बघा. एकाच नेटवर मोबाइलला उघडते आणि कॉम्प्युटरला नाही, तर गडबड कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉम्प्युटर हॉटस्पॉटवर नीट चालतो आणि केंद्राच्या वाय-फायवर सगळ्यांचीच अडचण होते, तर राउटर किंवा नेट कंपनीकडे बघा. ते होस्ट्स फाइलचं काम नाही. राउटरमधला डीएनएसचा पत्ता बदलणारे व्हायरसही असतात. डीएनएसचेंजर नावाच्या अशाच व्हायरसची टोळी अमेरिकेच्या एफबीआयनं २०११ मध्ये पकडली होती.

दुसरी: दुसरं ब्राउझर वापरून बघा. क्रोममध्ये नाही पण एजमध्ये उघडते, तर क्रोमचं एखादं एक्स्टेन्शन किंवा साठलेला कॅशे दोषी. होस्ट्स फाइलचा फटका सहसा सगळ्याच ब्राउझरना बसतो.

तिसरी चाचणी सगळ्यात भरवशाची. स्टार्ट मेनूत सी-एम-डी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिथं पी-आय-एन-जी, एक जागा सोडून साइटचं नाव (पुढचं एचटीटीपीएस वगैरे काही नको), आणि एंटर. पहिल्याच ओळीत नावापुढे चौकोनी कंसात एक पत्ता येतो, तो वहीत उतरवा. खाली "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तरी घाबरू नका, पुष्कळ साइट पिंगला उत्तर देतच नाहीत. आपल्याला फक्त कंसातला पत्ता हवा आहे.

आता त्याच खिडकीत एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी, जागा सोडून तेच नाव, एंटर. पिंग होस्ट्स फाइल बघून चालतो. एनएसलुकअप ती फाइल न बघता थेट डीएनएसला विचारतो. म्हणून दोघांच्या उत्तरांत तफावत आली की संशय पक्का होत जातो. मोठ्या साइटचे पत्ते एकापेक्षा जास्त असतात, त्यामुळे थोडा फरक असला म्हणजे लगेच चोरी झाली असं नाही. पण पिंगमध्ये १२७.०.०.१ आलं असेल तर शंकेला जागा नाही. तो पत्ता म्हणजे तुमचा स्वतःचा कॉम्प्युटर. उत्तरही एक मिलिसेकंदाच्या आत येईल. आपल्या गावच्या नेटवर मुंबईचा सर्व्हर एवढ्या वेगानं बोलायला लागला, तर तो मुंबईत नाही हे समजून घ्या.

४. फाइल उघडा

स्टार्ट मेनूत नोटपॅड शोधा, त्यावर राइट-क्लिक करा आणि "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. परवानगी विचारणारी पाटी येईल, "येस" म्हणा. नोटपॅडमध्ये "फाइल", मग "ओपन". आता आत आत जायचं: सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी.

तिथं पोहोचल्यावर फोल्डर रिकामा दिसेल. इथंच बहुतेकांचा फोन येतो, "भाऊ, इथं तं काहीच नाही." नोटपॅड सुरुवातीला फक्त टेक्स्ट फाइली दाखवतो आणि होस्ट्सला शेपटीच नाही, म्हणजे नावापुढे टीएक्सटी वगैरे काही लागत नाही. खाली उजवीकडे "टेक्स्ट डॉक्युमेंट्स" लिहिलेलं असतं, ते बदलून "ऑल फाइल्स" करा. मग होस्ट्स, एलएमहोस्ट्स, नेटवर्क्स, प्रोटोकॉल, सर्व्हिसेस अशी नावं दिसतील. होस्ट्स डॉट आयसीएस नावाची आणखी एक फाइल दिसली तर बिचकू नका. कॉम्प्युटरवरून नेट शेअर केलं की विंडोज ती स्वतः तयार करतं.

होस्ट्स उघडली की काहीही करायच्या आधी तिची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नोटपॅड उघडायला विसरलात तर फाइल उघडते, ओळ बदलताही येते, पण सेव्ह करताना परवानगी नाही म्हणून अडवते आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवू का असं विचारते. घाईत माणूस "हो" म्हणतो. नवी फाइल डॉक्युमेंट्समध्ये पडून राहते, खरी फाइल होती तशीच, आणि मग "सांगितलं तसं केलं तरी काही फरक नाही" अशी तक्रार येते. दुसरं, सेव्ह करताना नावापुढे टीएक्सटी चिकटतं. होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाच्या फाइलला विंडोज विचारत नाही. फाइल एक्स्प्लोररच्या "व्ह्यू" मेनूत जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करून ठेवा, म्हणजे खरी शेपटी दिसते.

५. आतलं वाचा

नव्या विंडोजमधली होस्ट्स फाइल खरं तर काहीच सांगत नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह असतं. हे चिन्ह लागलेली ओळ फक्त माणसानं वाचायची, कॉम्प्युटर ती सोडून देतो. वर मायक्रोसॉफ्टचं नाव, मग फाइल कशी वापरायची याची माहिती, मग ॲक्मी कंपनीच्या नावाची दोन उदाहरणं, आणि शेवटी लोकलहोस्टच्या दोन ओळी. त्यांनाही # लागलेलं असतं, कारण विंडोज ७ पासून लोकलहोस्टचं काम डीएनएसकडेच गेलं आहे. म्हणजे # नसलेली एकही ओळ नसेल तर फाइल स्वच्छ आहे. नोटपॅड बंद करा आणि दोष दुसरीकडे शोधा.

# नसलेल्या ओळी असतील तर त्या साधारण अशा दिसतात:

१२७.०.०.१     अपडेट डॉट अमुकअँटिव्हायरस डॉट कॉम
०.०.०.०       लायसन्स डॉट तमुकसॉफ्टवेअर डॉट कॉम
२०३.०.११३.२५   नेटबँकिंग डॉट अमुकबँक डॉट कॉम

समजायला सोपं म्हणून मी मराठीत लिहिलं, प्रत्यक्षात हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत असतं. आधी पत्ता, मग जागा, मग नाव. आता एकेक ओळ.

अँटिव्हायरस कंपन्यांची किंवा विंडोज अपडेटची नावं १२७.०.०.१ कडे वळवलेली दिसली तर तो धोक्याचा इशारा आहे. कॉम्प्युटरला औषध मिळू नये म्हणून व्हायरसनं दवाखान्याचा रस्ता खणून ठेवलेला असतो. २००४ च्या जानेवारीत पसरलेल्या मायडूम-बी व्हायरसनं नेमकं हेच केलं होतं: अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट लोकांच्या कॉम्प्युटरवर उघडेनाशा झाल्या. युक्ती जुनी आहे, पण बंद पडलेली नाही.

बँकेचं, पेमेंट कंपनीचं किंवा एखाद्या सरकारी साइटचं नाव आणि त्यापुढे कुठलातरी भलताच पत्ता, म्हणजे तिसऱ्या ओळीसारखं काही दिसलं, तर नेट तोडा आणि सरळ सातव्या पायरीवर जा.

दुसऱ्या ओळीसारखी, एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या साइटला अडवणारी ओळ आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडते. फोटो एडिटिंगचं किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर कुणीतरी "फ्री" टाकून दिलेलं असतं. ते कंपनीला विचारायला जाऊ नये म्हणून क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, टाकणारा होस्ट्स फाइलमध्ये रस्ता बंद करतो. नागपूरच्या सीताबर्डीवरून किंवा तालुक्यातून जुना कॉम्प्युटर घेतला असेल तर हे हमखास बघा. ती एक ओळ स्वतःहून काही बिघडवत नाही. पण ज्या क्रॅकनं ती टाकली त्याला त्या दिवशी ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळाला होता, आणि बहुधा "आधी अँटिव्हायरस बंद करा" असंही व्हिडिओत सांगितलेलं होतं. त्या दहा मिनिटांत त्यानं आणखी काय काय केलं, हे होस्ट्स फाइल सांगत नाही. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचा आधार नंबर आणि अंगठा घेतला जातो, त्यावर क्रॅक नकोच. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं करायची असतील तर त्यासाठी वेगळा डबा ठेवा.

शेकडो-हजारो ओळींची लांबलचक यादी दिसली आणि नावांत "ॲड", "ट्रॅक" असे शब्द असले, तर ती जाहिराती अडवणारी यादी असते. अशा याद्या गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साइटवर उघडपणे मिळतात, स्टीव्हन ब्लॅक यांची त्यात बरीच प्रसिद्ध आहे. स्पायबॉटसारखी काही सुरक्षा सॉफ्टवेअरंही अशी यादी भरतात. हे व्हायरसचं काम नाही.

आता लपवाछपवी. व्हायरस कधी कधी स्वतःच्या ओळी शेकडो कोऱ्या ओळींच्या खाली टाकतो, म्हणजे उघडल्यावर पहिलं पान साळसूद दिसतं. म्हणून कंट्रोल आणि एंड एकत्र दाबून फाइलच्या शेवटापर्यंत जा. बाजूची पट्टी बारीक झाली असेल तर खाली काहीतरी आहे हे ओळखा. काही वेळा ओळ उजवीकडे खूप लांब ढकललेली असते, "वर्ड रॅप" चालू केलं की ती दिसते. आणखी एक हुशारी: खरी फाइल हिडन करून ठेवायची आणि तिच्या जागी हुबेहूब त्याच नावाची, पण रशियन लिपीतलं "ओ" अक्षर वापरलेली खोटी फाइल दाखवायची. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत. "हिडन आयटम्स" चालू केल्यावर दोन होस्ट्स दिसल्या तर एक नक्की बनावट आहे. फाइल शोधायची जागाच रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत, बदलून टाकणारेही असतात. ईटीसीमधली फाइल कोरी आणि तरी पिंग १२७.०.०.१ दाखवतो, असं झालं तर ही शक्यता धरा आणि जाणकाराला बोलवा. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

६. दुरुस्ती

नको असलेली ओळ पुसू नका, तिच्या सुरुवातीला # लावा. चुकून कामाची ओळ निघाली तर # काढलं की झालं. एका वेळी एकाच प्रकारच्या ओळी बदला. कंट्रोल-एस.

मग काळ्या खिडकीत आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, एक जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला लागून एफ-एल-यू-एस-एच-डी-एन-एस. एंटर. कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेले जुने पत्ते यानं पुसले जातात. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नुसता टॅब बंद करून भागत नाही. परत पिंग करा आणि वहीतला आधीचा पत्ता बदलला का ते ताडून बघा.

सेव्ह होत नसेल तर फाइलवर राइट-क्लिक करून "प्रॉपर्टीज"मध्ये "रीड-ओन्ली"वर खूण आहे का बघा. काही अँटिव्हायरस या फाइलला स्वतःच कुलूप लावतात. ते चांगलंच आहे, तेवढ्यापुरतं त्याच्या सेटिंगमधून उघडा आणि काम झालं की परत लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि फाइल परत उघडा. ओळी जशाच्या तशा परत आल्या असतील तर लिहिणारा अजून आत बसलेला आहे. फाइल कितीदा पुसली तरी उपयोग नाही.

७. ओळी परत येत असतील, किंवा बँकेचं नाव सापडलं असेल तर

नेट तोडा. त्या कॉम्प्युटरवरून कुठलाही व्यवहार नको, लॉगिन नको, अंगठाही नको. रांग असली तरी नको. लोक चिडतील, चिडू द्या.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून बँकेचे, मेलचे आणि केंद्राच्या लॉगिनचे पासवर्ड बदला. बाधित कॉम्प्युटरवर बसून बदललेला पासवर्ड थेट चोराच्या हातात जातो.

मग "विंडोज सिक्युरिटी" उघडा, "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", "स्कॅन ऑप्शन्स", आणि तिथला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे आत बसलेल्याला लपायला जागा मिळत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे, त्याच्या साइटवर व्हायरस काढायची फुकट साधनं मिळतात. ती चांगल्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणा. एवढं करूनही ओळी परत आल्या तर मात्र फॉरमॅट, आणि तेही खऱ्या विंडोजनं. पुन्हा क्रॅक टाकलात तर केलेलं सगळं पाण्यात.

आता बँकेच्या ओळीबद्दल जरा थांबून सांगतो. पत्ता नीट वाचा, स्पेलिंग तपासा, असं सगळे सांगतात, आणि फसव्या लिंकसाठी ते बरोबरच आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या नावावर जायला सांगितलं, ते याचसाठी. पण होस्ट्स फाइलमधून फसवणूक झाली तर वर नाव अगदी खरं दिसतं. एकही अक्षर चुकलेलं नसतं. नेणारा रस्ताच खोटा असतो. तिथं वाचवणारी एकच गोष्ट असते: ब्राउझरची लाल पाटी, "तुमचं कनेक्शन खाजगी नाही". खोट्या सर्व्हरकडे बँकेचं सर्टिफिकेट नसतं म्हणून ती येते. आणि आपल्याकडे सरकारी साइटवर अशा पाट्या एवढ्यांदा बघितलेल्या असतात की बोट आपोआप "ॲडव्हान्स्ड" आणि मग "प्रोसीड"वर जातं. बँकेच्या साइटवर ही सवय महागात पडते. कॉम्प्युटरची तारीख चुकली असली तरी हीच पाटी येते, जुन्या डब्याचा सेल संपला की तारीख मागे जातेच. म्हणून आधी घड्याळ बघा. घड्याळ बरोबर आहे आणि तरी बँकेच्या साइटवर पाटी आली, तर पुढे जाऊ नका. पाटी आली नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. होस्ट्स फाइलमध्ये लिहू शकणारा व्हायरस खोटं सर्टिफिकेटही बसवू शकतो.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. फाइलची पेन ड्राइव्हवरची नक्कल आणि मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो जपून ठेवा, ठाण्यात विचारतील.

८. या ओळींना हात लावू नका

अंगठ्याच्या मशीनसोबत जी आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, येते, ती तुमच्याच कॉम्प्युटरवर १२७.०.०.१ या पत्त्यावर, १११०० ते १११२० यांपैकी एखाद्या पोर्टवर, म्हणजे नंबर दिलेल्या दारावर, बसून राहते. साइटला अंगठा हवा असला की ब्राउझर तिथं जाऊन तिला हाक मारतो. डिजिटल सहीच्या डोंगलचं सॉफ्टवेअरही साधारण असंच चालतं. त्यामुळे १२७.०.०.१ दिसलं की व्हायरस, असा नियम करू नका. लोकलहोस्ट नावाची ओळ असेल तर ती तशीच राहू द्या. उलट लोकलहोस्टपुढे १२७.०.०.१ किंवा ::१ सोडून दुसराच आकडा असेल तर ती दुरुस्त करा, "डिव्हाइस नॉट फाउंड"चं कारण तिथं असू शकतं. एखाद्या सहीच्या किंवा ऑफिसच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच्या नावाची ओळ टाकलेली असेल तर ते सॉफ्टवेअर कुणी बसवलं त्याला विचारून मगच काय ते करा.

९. स्वतः एखादी साइट अडवायची असेल तर

घरी पोरं अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळतात, किंवा नोकरीच्या नावानं फसवणारी एखादी साइट गावात फिरते आहे, अशा वेळी ही फाइल उपयोगी पडते. शेवटच्या ओळीखाली इंग्रजी आकड्यांत ०.०.०.०, एक जागा, आणि साइटचं नाव. त्याखाली पुढच्या ओळीत तेच नाव डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावून पुन्हा, कारण फाइलच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. "या साइटचं सगळंच बंद" असं सांगायची सोय इथं नाही, प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं. एचटीटीपीएस, तिरकी रेघ, पानाचं नाव, असलं काही चालत नाही. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि आकडे देवनागरीत पडले तर ओळ असूनही नसल्यासारखी.

मात्र यावर फार विसंबू नका. पोरानं मोबाइल हातात घेतला की तुमची ओळ संपली. ब्राउझरमध्ये व्हीपीएनचं किंवा प्रॉक्सीचं, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून फिरवून नेणारं, एक्स्टेन्शन लावलं तरी बहुधा संपली. मायक्रोसॉफ्टच्या साइट अडवायला गेलात तर २०२० पासून डिफेंडरच त्याला धोका म्हणतो आणि फाइल मूळ रूपात आणून ठेवतो. केंद्राच्या कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणाऱ्या भल्यामोठ्या याद्या तर टाकूच नका. एखादं पेमेंटचं पान अर्धवट उघडतं, शेतकऱ्याच्या खात्यातून पैसे कटतात आणि पावती निघत नाही, मग बसा त्याला समजावत. जुन्या डब्यावर लाखभर ओळींची फाइल नेटही मंद करते. जाहिरातींसाठी ब्राउझरमधलं एखादं चांगलं एक्स्टेन्शन पुरे.

१०. पुढची व्यवस्था

रोजच्या कामासाठी "स्टँडर्ड" खातं वेगळं करा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मालकाकडेच ठेवा. स्टँडर्ड खात्यातून होस्ट्स फाइलमध्ये काही लिहिता येत नाही. ऑपरेटर पोरगा काही टाकायला गेला तर पासवर्ड मागितला जाईल, आणि तो मागितला की तुम्हाला कळेल. परवानगीची पाटी येते ती कटकट म्हणून बंद करू नका. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, तेव्हा जुना कॉम्प्युटर घेताना विंडोज ११ चालेल का ते विकणाऱ्याला आधीच विचारा.

फाइल स्वच्छ असेल त्या दिवशी तिचा एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. खरीप विम्याच्या आधी, शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू व्हायच्या आधी आणि कुणीही कॉम्प्युटर "जरा बघून" दिल्यावर, एकदा फाइल उघडून फोटोशी ताडून बघा. दुरुस्तीवाला मी असलो तरी बघा.